चांगलं आहे, ठेव

नोकरीत असताना लोक त्यांना तोंडावर स्टोअरकीपर म्हणत आणि पाठीमागे नाकसाहेब. पाठीमागचं नाव त्यांच्या कानावर आलं होतं. त्यावरून ते चिडले असतील असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. त्यांना ते नाव मनापासून आवडलं होतं. आपली टिंगलसुद्धा पदवी म्हणून मिरवायची तर कातडी जाड लागते, आणि तिची त्यांच्याकडे वानवा नव्हती.

एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनचं कोठार त्यांच्या ताब्यात होतं. मागच्या दाराशी माल उतरायचा, दूध, मासे, अंडी, भाज्यांच्या पाट्या, आणि आत मोठ्या पातेल्यांत कालचं उरलेलं झाकून ठेवलेलं असायचं. सकाळी नाकसाहेब यायचे, कोट खुंटीला लावायचे आणि झाकणं उघडायला सांगायचे. स्वतः झाकणाला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. झाकण दुसऱ्यानं उचलायचं, यांनी कमरेत वाकायचं, हातानं वारा नाकाकडे घ्यायचा, डोळे मिटायचे. पाच-सहा स्वयंपाकी हातात पळ्या घेऊन उभे. मग निकाल लागायचा. निकाल दोनच होते, ‘चांगलं आहे, ठेव’ आणि ‘फेक’. का, कशावरून, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याकडे ते असं काही बघत की तो माणूसच उतरलेल्या डाळीसारखा दिसू लागे.

निवृत्त होताना कारखान्यानं एक शाल दिली आणि साहेबांनी भाषणात त्यांच्या नाकाचा उल्लेख केला. झालं. माणूस शाल विसरला, पण ते वाक्य विसरला नाही. घरी आले ते नाक घेऊनच आले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर हे कोठार झालं, फ्रिज हे मागचं दार झालं, आणि बायको ही झाकण उचलणारी झाली.

आंघोळ झाली की ते फ्रिजसमोर स्टूल ओढून बसत. बायको एकेक डबा काढून समोर धरी. परवाचा भात. चांगलं आहे, ठेव. कालची बटाट्याची भाजी. चांगलं आहे, ठेव. अर्धी वाटी दही, तळाला पाणी सुटलेलं. ठेव. ‘फेक’ हा शब्द घरात फारसा ऐकू येत नसे. कॅन्टीनमध्ये फेकलेलं दुसऱ्याच्या बापाचं जायचं, घरात स्वतःच्या, एवढा फरक त्या नाकालाही कळत होता.

जगात त्यांना तुच्छ वाटणाऱ्या माणसांची वर्गवारी ठरलेली होती. जरा शंका आली की डबा उपडा करणारे, ते उधळे. शेजाऱ्याला विचारायला जाणारे, ते बावळट. आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर पाकिटावरची तारीख वाचणारे. “छापलेल्या तारखेवर विश्वास ठेवणारा माणूस,” ते म्हणत, “उद्या बायकोच्या पाठीवरही तारीख शोधेल.” हा विनोद ते बायकोच्या देखत करत. ती झाकण लावून डबा आत ठेवी.

बायको बोलत नसे. न बोलणाऱ्या बाईला काही कळत नाही, असं समजून चालणं फार सोयीचं असतं, आणि या सोयीचा फायदा नाकसाहेबांइतका दुसऱ्या कुणी घेतला नसेल. अंड्याला वास असतो हेसुद्धा तिला आपण शिकवलं असं ते पाहुण्यांना सांगत. वर विचारत, “या घरात कधी कुणाचं पोट बिघडलेलं ऐकलंत?” पाहुण्यांनी खरंच कधी ऐकलं नव्हतं. ते मान हलवत आणि पुढे आलेलं मुकाट खात.

शेजारीण तर आपल्या घरचे डबे घेऊन यायची. शिकलीसवरलेली बाई, बँकेतून निवृत्त झालेली, आणि वाटीभर उरलेल्या माशाचा निकाल लावून घ्यायला दारात उभी. नाकसाहेब तिला जरा ताटकळत ठेवून मग वाकत. आपल्याच घरातला मासा ओळखायला दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाक लागतं, याची त्या बाईला लाज वाटली नाही ती नाहीच.

मुलाचं लग्न झालं आणि सून आली. ती एका विमा कंपनीत कामाला होती. तिनं पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात एक रीत आणली. लग्नात आलेले स्टीलचे डबे, सगळे एकाच मापाचे, एकाच घडणीचे, तिनं वापरायला काढले, आणि उरलेलं अन्न डब्यात भरलं की झाकणावर एक चिठ्ठी चिकटवायची, त्यावर ते कधी केलं ती तारीख. तीन दिवस झाले की डबा रिकामा. भांडण नाही, चर्चा नाही.

नाकसाहेबांनी तिचं नाव तारीखवाली ठेवलं. तोंडावर सूनबाई, मागे तारीखवाली. स्वतः ज्या पद्धतीनं नाव मिळवलं त्याच पद्धतीनं दुसऱ्याला दिलं.

एकदा भात दिवसभर ओट्यावर उघडा राहिला होता. संध्याकाळी सूनबाई तो फेकायला निघाली. यांनी हात आडवा घातला, वाकले, डोळे मिटले.

“चांगलं आहे, ठेव.”

“बाबा, अन्नाला वास नाही म्हणजे ते चांगलंच असतं असं नाही,” ती म्हणाली. “ज्यानं माणूस आजारी पडतो त्याला कित्येकदा वासच नसतो.”

“तुला येत नसेल.”

मुलगा टेबलाशी बसून फोन बघत होता. तो दोघांचंही ऐकून घ्यायचा, म्हणजे कुणाचंच ऐकायचा नाही. सासू पुढे झाली, तिनं भाताचं भांडं सुनेच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, “राहू दे, मी बघते त्याचं.” सूनबाईला सासूचाही राग आला. इतकं काय घाबरायचं एखाद्याच्या नाकाला, असं तिला वाटलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

त्यानंतर नाकसाहेबांनी चिठ्ठ्यांच्या विरोधात मोहीम उघडली. सूनबाई कामावर गेली की ते फ्रिज उघडत, झाकणांवरच्या चिठ्ठ्या नखानं सोलून काढत, त्यांच्या बारीक गोळ्या करत आणि सिंकच्या कडेला ओळीनं मांडून ठेवत. तिनं आल्यावर बघावं म्हणून. साठी उलटलेला माणूस, आणि हा उद्योग. ती गोळ्या गोळा करून टाकून द्यायची आणि नव्या चिठ्ठ्या लावायची.

अशातच हिवाळ्यात त्यांना सर्दी झाली. साधी सर्दी, नाक गळलं, अंग दुखलं, चार दिवस पडून राहिले. सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली.

त्यांना ते लगेच कळलं नाही. एका सकाळी ते स्वयंपाकघरात उभे होते, समोर दूध तापत होतं, ते उतू गेलं, भांड्याच्या बुडाशी करपलं, आणि बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली. घरभर जळका वास भरला होता. हे त्या शेगडीपासून हातभर अंतरावर उभे होते आणि खिडकीतून रस्त्यावरची भांडणं बघत होते.

“अहो, वास नाही का आला?”

“आला ना,” नाकसाहेब म्हणाले. “तू किती वेळात येतेस ते बघत होतो.”

असं उत्तर ज्याला आयत्या वेळी सुचतं, त्याला काय म्हणावं? पण ती गेल्यावर त्यांनी बाथरूमचं दार लावून घेतलं. फिनेलची बाटली उघडली. काही नाही. साबण, केसांचं तेल, औषधी मलम, काही नाही. शेवटी स्वतःचे कालचे मोजे नाकाला लावले. घरातल्या बाकी कुणालाही ही देणगी मिळाली असती तर त्यानं देवाचे आभार मानले असते. नाकसाहेब मात्र पालथ्या बादलीवर बसले आणि घाबरले. खरोखर घाबरले. नाक गेलं तर आपलं काय उरतं याचा त्यांनी हिशेब केला आणि उत्तर आलं, शाल.

डॉक्टरकडे गेले असते तर कदाचित औषध मिळालं असतं. घरात सांगितलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, चारचौघांसारखे जेवले असते. पण डॉक्टरला सांगायचं तर ते तोंडानं म्हणावं लागणार, आणि घरात सांगायचं तर तारीखवालीसमोर. ते त्यांच्यानं झालं नाही. माणसं पोटच्या पोराचे अपराध कबूल करतात, पण एवढंसं काही कबूल करताना त्यांचा जीव जातो.

मग त्यांनी युक्ती काढली. फ्रिजसमोर बसायचे, डबा पुढे आला की वाकायचे, वारा घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “तू सांग.” जणू आता परीक्षा घेताहेत. समोरचं माणूस वास घेई आणि हे मिटल्या पापण्यांच्या फटीतून त्याच्या तोंडाकडे बघत. नाक जरा मुरडलं की ते बोलायच्या आत, “फेक.” चेहरा तसाच राहिला की, “चांगलं आहे, ठेव. शिकलीस हळूहळू.” शेजारणीला वाटलं, म्हातारपणी माणूस मोकळा झाला, विद्या वाटायला लागला. तिनं हे जिन्यात चार जणांना सांगितलं. मुलगा म्हणाला, बाबा मवाळ झालेत. म्हणजे ज्या दिवसापासून या माणसाला काहीही कळेनासं झालं, त्या दिवसापासून त्याची कीर्ती वाढली.

उन्हाळा लागता लागता बायकोला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास सुरू झाला आणि ऑपरेशन करावं लागलं. ती घरी आली तेव्हा तिला कुशीवर वळायलाही हाताचा आधार लागत होता. हलकं खाऊ द्या आणि ताजं द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सूनबाईनं रजा काढली. घरी आल्या दिवशीच तिनं कोंबडीचं भरपूर सूप केलं, पण सासूला जेमतेम चार चमचे गेले. उरलेलं डब्यात भरून, चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये गेलं. तीन दिवस झाल्यावर ती तो डबा उपडा करायला निघाली, तर नाकसाहेब आडवे आले.

“चांगलं आहे, ठेव.”

या वेळी त्यांनी कुणाला ‘तू सांग’ म्हटलं नाही. बायको अंथरुणात होती, आणि सुनेला विचारायचं म्हणजे तिच्याच हातात निकाल द्यायचा. नुसतं वाकले आणि ठोकून दिलं. सूनबाई रात्रीची जागलेली, कंटाळलेली. तिनं डबा खालच्या खणात मागे ढकलला. मी फेकेन उद्या, यांचा डोळा चुकवून, असं तिनं ठरवलं आणि उद्या ती विसरली. आजारी माणसाच्या घरात अशा गोष्टी विसरल्या जातात.

रजा संपली. कामावर जायच्या दिवशी तिनं पहाटे उठून थोडंसं ताजं सूप केलं, सासूला एक वाटी पाजलं आणि उरलेलं डब्यात भरलं. डबा अर्धाच भरला. चिठ्ठी लावली, वरच्या खणात ठेवला.

“बाबा, दुपारी आईंना एक वाटी सूप गरम करून द्या. वरच्या खणात आहे. आजची तारीख आहे त्यावर.”

“सूप कुठलं ते मला तारखेवरून कळणार का आता?” नाकसाहेब म्हणाले.

ती गेली. दार लागल्याबरोबर यांनी फ्रिज उघडला आणि सवयीनं झाकणावरची चिठ्ठी सोलली. खालच्या खणातल्या डब्यावरचीही सोलली. मग दही शोधायला म्हणून डबे बाहेर काढले, ओट्यावर मांडले, दही खाल्लं आणि डबे परत आत ठेवले. कोणता कुठे ठेवला हे लक्षात ठेवायचं काम त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. ते काम झाकण उचलणाऱ्यांचं.

दुपारी बायकोनं आतून हाक मारली, जरा काही खायला द्या. यांनी फ्रिज उघडला. वरच्या खणात शेजारी शेजारी दोन डबे, सारखे. दोन्हीची झाकणं उघडली. दोन्हींत सूप. दोन्ही पिवळसर, दोन्हींवर चरबीचा पातळ थर.

आयुष्यभर ज्या एका कामाची घमेंड मारली तेच काम समोर आलं होतं, आणि घरात बघायला कुणी नव्हतं. नाकसाहेब वाकले. वारा घेतला. डोळे मिटले. पुन्हा वाकले, इतके की नाकाच्या शेंड्याला चरबी लागली. बोट बुडवून चाटलं. मीठ कळलं, बाकी काही नाही. दुसऱ्यातही मीठच.

फोन हातात घेतला. सुनेला विचारायचं, पण विचारायचं काय? ती म्हणणार, बाबा, वास घेऊन बघा ना. फोन खाली ठेवला. शेजारीण घरात होती, भिंतीपलीकडून तिचा रेडिओ ऐकू येत होता. दोन डबे घेऊन तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, या विचारानंच त्यांचे कान तापले. सिंकच्या कडेला चिठ्ठ्यांच्या गोळ्या होत्या. त्या उलगडून पाहिल्या, दोन्हींवर तारखा व्यवस्थित होत्या. फक्त कोणती कुठल्या झाकणावरची, ते कागद सांगत नव्हता.

शेवटी दोन्ही डबे घेऊन ते खोलीत गेले. “तू सांग बघू, यातलं…”

“अहो, जवळ नका आणू,” बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. “मला कसलाच वास नको झालाय. तुम्हीच बघा.”

ते परत ओट्याशी आले. दोन्ही सूप ओतून द्यायची आणि मऊ भात टाकायचा, हे कुणालाही सुचलं असतं. त्यांना भात टाकता येत नव्हता. सगळ्या जगाच्या भाताचा निकाल लावणाऱ्या माणसाला वाटीभर तांदूळ शिजवायचे कसे ते ठाऊक नव्हतं. मग त्यांनी डोकं चालवलं. एक डबा भरलेला होता, एक अर्धा. अर्धा म्हणजे त्यातलं रोज थोडं थोडं खाल्लेलं, म्हणजे तो जुना. भरलेला म्हणजे नवा. या तर्कावर ते खूश झाले. भरलेल्यातलं वाटीभर काढलं, गरम केलं, आणि चमचा घालून खोलीत नेलं.

बायकोनं पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली. त्यांच्याकडे बघितलं.

“चांगलं आहे ना?” यांनी विचारलं. एवढ्या संसारात हा प्रश्न त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला असेल.

“तुम्ही बघितलंत ना?”

“बघितलं. चांगलं आहे.”

तिनं दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. सावकाश सगळी वाटी संपवली. नाकसाहेबांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी वाटी स्वतः विसळली आणि खुर्चीत येऊन डुलकी काढली. झोप लागता लागता त्यांच्या मनात आलं की नाक नसलं तरी आपला अंदाज काही कमी नाही.

उन्हं उतरायच्या आत बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या, मग ताप. उलटीच्या हिसक्यानं टाके ओढले जात होते आणि ती उशी पोटाशी दाबून धरत होती. यांनी सुनेला फोन केला, ती टॅक्सी करून आली, आणि तासाभरात सगळे हॉस्पिटलमध्ये होते.

ऑपरेशन करणारे डॉक्टरच ड्यूटीवर होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. “आज काय काय खाल्लं यांनी?”

“सूप. आज सकाळी केलेलं,” सूनबाई म्हणाली. “मी स्वतः केलं.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

डॉक्टर म्हणाले, मग खाण्यातून आहे असं वाटत नाही. आत कुठे पित्त झिरपत असेल. स्कॅन करू, पण ताप आणि कळा बघता पुन्हा उघडून बघावं लागेल असं दिसतंय, तयारीत राहा. एवढं सांगून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

सूनबाई भिंतीला टेकली. “मांस कच्चं राहिलं असेल का माझ्याकडून?” ती स्वतःशीच बोलत होती. “घाईत होते मी. झाकण ठेवलंच नाही मी नीट. माझ्याच हातून झालंय काहीतरी.”

आणि नाकसाहेबांना बरं वाटलं. हे इथे सांगितलंच पाहिजे. आत बायको विव्हळत होती, शेजारी सून रडत होती, आणि या माणसाला बरं वाटलं, कारण दोष जाऊन बसायला एक जागा सापडली होती आणि ती जागा ते नव्हते. ते गप्प राहिले. मुलगा आला, त्यालाही सुनेनं तेच सांगितलं, सकाळचं सूप, माझ्या हातचं. तेव्हाही गप्प राहिले. इतका हलका माणूस त्या वऱ्हांड्यात दुसरा नव्हता, आणि हे त्यांना स्वतःलाही दिसत होतं, म्हणून ते खाली फरशीकडे बघत होते.

मग दोन नर्स बायकोला ढकलगाडीवर घालून बाहेर घेऊन आल्या. एक जण म्हणाली, “पाणीही द्यायचं नाही यांना. रात्री टेबलावर घ्यायचं ठरतंय.” बायकोनं डोळे उघडले आणि गाडीची कड घट्ट धरली. तिला पुन्हा कापणार होते. हाताची बोटं पांढरी पडली होती.

“डॉक्टरांना बोलवा,” नाकसाहेब म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. मग ते स्वतः डॉक्टरांच्या मागे गेले, दोन पेशंटच्या मधून वाट काढत. “सूप सकाळचं नव्हतं,” ते म्हणाले. “आठवडाभराचं जुनं होतं. मी दिलं. मला कळलं नाही. मला वास येत नाही.”

डॉक्टर वळले. “कधी दिलंत?”

“दुपारी.”

“आणि आम्ही तुम्हाला काय खाल्लं म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“तिथेच होतो.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. कॅन्टीनमध्ये ते स्वतः ज्या नजरेनं फेकायच्या पातेल्याकडे बघत, तीच ती नजर होती. मग डॉक्टर कामाला लागले. स्कॅन झालं, आत कुठे काही झिरपत नव्हतं. पुन्हा कापायचं रद्द झालं, सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. सूनबाईनं यांना एवढंच विचारलं, “कधीपासून येत नाही वास?”

“हिवाळ्यापासून.”

“आणि आजच्या चिठ्ठ्या?”

“मी काढल्या.”

ती वळली. नवऱ्याला म्हणाली, चहा घेऊन ये, दोन. तो दोनच घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा ताप उतरला. सून घरी आंघोळीला गेली होती, मुलगा औषधं आणायला. नाकसाहेब पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

“नाक गेलंय माझं,” ते म्हणाले. “सर्दीत गेलं. सांगितलं नाही तुम्हाला कुणाला.”

“माहीत आहे मला.”

“सूप खराब होतं. मला ओळखता आलं नाही.”

“मला आलं,” बायको म्हणाली. “पहिल्या चमच्यालाच. वास मारत होतं.”

नाकसाहेबांना आधी वाटलं, ती तापात बोलतेय. पण तिचा आवाज रोजचाच होता. “मग खाल्लंस कशाला?”

“तुम्ही म्हणालात ना, चांगलं आहे.”

“अगं, पण तुला कळलं होतं. मला वासच येत नाही हेही माहीत होतं. मी सांगितलं म्हणून खायचं?”

“नाक होतं तेव्हा तरी काय फरक होता?”

ती सलाईनची नळी बोटानं सरळ करत होती. एवढं सलग ती कधी बोलत नसे, त्यामुळे मध्ये मध्ये थांबत होती.

“कॅन्टीनचं मला माहीत नाही,” ती म्हणाली. “घरातलं सांगते. निम्म्या वेळा चुकायचात तुम्ही. उतरलेल्या डाळीला चांगलं म्हणायचात. नासक्या दुधाला ठेव म्हणायचात. वाद कोण घालणार? मी ठेवायचे. तुम्ही फिरायला नाहीतर पेपर वाचायला गेलात की ओतून टाकायचे, आणि त्याच डब्यात नवीन करून ठेवायचे. तुम्ही जेवताना म्हणायचात, बघा, मी म्हणालो नव्हतो.”

“नेहमी?”

“वेळ असला की. नसला की ते मी माझ्या ताटात घ्यायचे. पोराच्या नाही वाढलं कधी, तुमच्याही नाही.”

बाहेर नर्सची ढकलगाडी खडखडत गेली. पाहुण्यांपुढे केलेली सगळी भाषणं नाकसाहेबांना एकामागून एक ऐकू येऊ लागली होती.

“मग काल का नाही फेकलंस?” शेवटी त्यांनी विचारलं.

बायकोनं डोळे मिटून घेतले. ती थकली होती.

“काल उठता येत नव्हतं,” ती म्हणाली.